नुसते ओठ हलविणारी मुले

दिल्लीहून शेरशाहाच्या जुन्या सडकेने उत्तरेकडे निघाले की नव्वदएक किलोमीटरवर पानिपत लागते, आणि शहरापासून सात-आठ किलोमीटरवर काला अंब. ज्या आंब्यावरून हे नाव पडले तो आंबा आता तेथे नाही. 1761 च्या जानेवारीत सांडलेल्या रक्ताने त्याची पाने काळवंडली, अशी दंतकथा तेवढी मागे राहिली आहे. आणि झाडाच्या जागी विटांचा एक स्तंभ, त्याला लोखंडी कांब व भोवती कुंपण. दर वर्षी 14 जानेवारीला मराठी माणसे तेथे जमतात. आसपासच्या गावांतले रोड समाजाचे लोकही येतात. मागे राहिलेल्या मराठी शिपायांचे आपण वंशज, अशी त्यांच्यापैकी अनेकांची श्रद्धा आहे.

मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे. माझा जन्म लहान मुलांना गाणे शिकविण्यात गेला, आणि एका वर्षी त्या दिवशी काला अंबला जाण्याचा योग आला तोही मुलांच्याच निमित्ताने. दिल्लीतल्या मराठी घरांतली वीस-बावीस मुले एक समूहगीत म्हणणार होती. भूप रागातली साधी चाल, दोन कडवी. तेथे पोहोचतो तो संयोजक म्हणाले, "मास्तर, जवळच्या गावच्या प्राथमिक शाळेतली मुले आली आहेत. त्यांनाही बरोबर घ्या." हाताशी अर्धा तास होता. धुके अजून विरले नव्हते, मुलांच्या तोंडांतून वाफा निघत होत्या, आणि कुंपणाच्या कडेला मी दोन्ही शाळांची मुले उभी केली.

पहिला धक्का मला 'ळ' ने दिला. गीतात 'बाळ' होते, 'आभाळ' होते. दिल्लीत वाढलेली आमची मराठी मुले हिंदीच्या सवयीने 'बाल' म्हणत होती. महिनाभर मी त्यांच्याशी झगडलो होतो. गावच्या मुलांनी मात्र एकदा ऐकून असा खणखणीत 'ळ' काढला, की माझीच मुले माना वळवून पाहू लागली. जवळ उभे असलेले एक गृहस्थ गहिवरून म्हणाले, "रक्त बोलते आहे!" मी गप्प राहिलो. 'ळ' हा हरियाणवी बोलीचा घरचाच उच्चार आहे. पंजाबीत आणि राजस्थानीतही तो आहे. वंशाचा दाखला वर्णावरून काढू नये. पण मुलाच्या तोंडी जो ध्वनी घरातून आलेला असतो तो त्याला शिकवावा लागत नाही, हे मात्र त्यातून शिकण्याजोगे आहे.

दुसरी गोष्ट मला अधिक लागली. मागच्या रांगेत आठएक वर्षांचा एक मुलगा होता. त्याचे ओठ अगदी अचूक हलत होते आणि आवाज मुळीच येत नव्हता. मी जवळ जाऊन विचारले. तो म्हणाला, "मैं नहीं गाता जी. मैं तो बस होंठ हिलाता हूँ." हे त्याने दुःखाने सांगितले नाही. एखाद्याने आपले नेमलेले काम सांगावे तसे सांगितले. संमेलनाच्या वेळी कुणी तरी त्याला ते काम नेमून दिले होते.

ते नेमून देणाऱ्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही. तीस वर्षांमागे मीही हे केले आहे. कार्यक्रम उद्यावर आला होता, एका मुलीचा आवाज सर्वांच्या खाली जात होता, आणि मी तिला हळूच म्हटले, "तू नुसते ओठ हलव हं, बाळ." ती हसली. पुढे चार वर्षे ती माझ्या वर्गात होती. पण तिचा आवाज मी पुन्हा ऐकला नाही. तिला काय झाले होते हे मला फार उशिरा कळले. ती बेसूर नव्हती. ती माझा सूर शोधत होती.

हे थोडे उकलून सांगावे लागेल. लहान मुलाचा कंठ आखूड असतो, म्हणून त्याचा आवाज पुरुषाच्या आवाजाहून साधारण एक सप्तक वर लागतो. गुरुजी आपला षड्ज लावतात आणि म्हणतात, "म्हणा." पुष्कळशी मुले तो षड्ज आपोआप वरच्या सप्तकात उचलतात. काहींना ते भाषांतर साधत नाही. ती इमानाने गुरुजींच्याच जागी उतरू पाहतात, तेथे त्यांचा कंठ पोहोचत नाही, आणि मग जी घरघर निघते तिला आपण 'बेसूर' हे नाव देतो. अशा मुलासमोर दुसऱ्या मुलाने षड्ज लावला तर तो त्याला पुष्कळदा सापडतो. उपाय इतका सोपा आहे की तो सुचायला मला वीस वर्षे लागली याची लाज वाटते.

पेटीचे मी नावही काढणार नव्हतो. कारण आकाशवाणीनेच 1940 पासून सुमारे तीन दशके तिला दाराबाहेर ठेवले होते, आणि तिच्याच ध्वनिक्षेपकावरून पुन्हा तिची निंदा करणे बरे दिसत नाही. इतकेच सांगतो की वर्गात भाता जोराने चालू लागला की मुले तिच्यावर मात करण्यासाठी ओरडू लागतात, आणि ओरडणाऱ्याला शेजाऱ्याचा सूर ऐकू येत नाही. प्राथमिक शाळेतले गाणे हे आधी ऐकणे आहे.

आपल्याकडे हे नव्हते असे नाही. जुन्या मराठी शाळेत संगीताचा तास नसला तरी गाणे होते. पाढे लयीत म्हटले जात. कविता ही वाचायची वस्तू नव्हतीच. ओवी, दिंडी, साकी, आर्या, भुजंगप्रयात, ज्याची त्याची चाल ठरलेली असे आणि सारा वर्ग ती म्हणत असे. त्यात कुणाची निवड होत नसे. कविता पाठ व्हायची म्हणजे ती सर्वांची व्हायची. पुढे पुस्तके सुबक झाली, कविता डोळ्यांनी वाचायची झाली, आणि गाणे संमेलनापुरते उरले. संमेलनाला निवड लागते. निवड आली की मागची रांग आली.

याच सडकेने एक मराठी गवई उत्तरेत गेला होता. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेस बाळकृष्णबुवांकडे शिकून भ्रमंती करीत लाहोरास पोहोचले, आणि 5 मे 1901 रोजी तेथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. संगीत घराण्याच्या कुलपातून काढून शाळेच्या बाकावर आणायचे, हा त्यांचा ध्यास. मुलांसाठी क्रमिक पुस्तके त्यांनी लिहिली; भातखंड्यांनीही क्रमिक पुस्तकांची मालिका मराठीत सिद्ध केली. या दोघांचे ऋण मोठे आहे. परंतु त्या दिंडीचा पुढचा प्रवास परीक्षांकडे, पदव्यांकडे वळला. पहिली-दुसरीचा वर्ग वाटेत राहिला. विनायकराव पटवर्धनांचे शिष्य विनयचंद्र मौद्गल्य यांनी 1939 मध्ये दिल्लीत गांधर्व महाविद्यालय स्थापिले; आणि 1974 च्या विजया मुळ्यांच्या 'एक, अनेक और एकता' या लघुपटातले गीत त्यांचेच. चाल वसंत देसायांची, आणि त्यात साधना सरगम यांचा बालपणीचा कंठ आहे. देशभर मुलांनी ते गाणे सहज उचलले. मला वाटते, त्या कंठाचा त्यात मोठा वाटा आहे. एका मुलाने दुसऱ्या मुलाला सूर दिला होता.

हंगेरीत झोल्तान कोदाय या संगीतकाराने हेच वेगळ्या वाटेने केले. 1950 मध्ये केचकेमेत या त्याच्या जन्मगावी रोज गाणे शिकविणारी प्राथमिक शाळा निघाली. त्याचा आग्रह वाद्याचा नव्हता, आपल्या लोकगीतांचा होता. आणि आरंभ पाच स्वरांचा, कारण त्यांत अर्धस्वराचे अंतर येत नाही आणि मुलाचे पाऊल घसरत नाही. आपला भूप म्हणजे तेच पाच स्वर. अलीकडे, 2024 साली, आपल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात तिसरीसाठी 'बांसुरी' नावाचे कलांचे पुस्तक निघाले आहे. नाव गोड आहे. फुंकणारा मिळाला पाहिजे.

असो. त्या धुक्यात माझ्यापाशी पंधरा मिनिटे उरली होती. मी मुलाला पुढे बोलावले नाही. आमच्यातली एक लहान मुलगी मागच्या रांगेत नेऊन त्याच्या शेजारी उभी केली. तिला म्हटले, "तू सा लाव, आणि थांबू नको." त्याने पहिल्यांदा नुसते ओठ हलविले. दुसऱ्यांदा खाली कुठेतरी घरघर झाली. तिने श्वास घेतला आणि पुन्हा तोच सा लावला. तिसऱ्या वेळी त्याचा आवाज एकदम वर आला आणि तिच्या आवाजात असा मिसळला की क्षणभर कोणाचा कोणता ते कळेना. तो इतका दचकला, की तोंडावर हात ठेवून गप्प झाला.

गीत झाले. 'आभाळ' छान उमटले. भाषणे सुरू झाली, ती लांबली. परतताना मी बसच्या खिडकीतून पाहिले. तो कुंपणाच्या गजाला धरून एकटाच उभा होता आणि सा लावून पाहत होता. किंचित चढा लागत होता.