चिकित्सेचा पाचवा आधारस्तंभ

(आरोग्य विमा आणि समाज या विषयावर नाशिक येथील श्रोत्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेच्या चतुष्पादाचे विवेचन आहे. वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण हे ते चार घटक. आचार्यांनी प्रत्येकाचे चार-चार गुण सांगितले आहेत. वैद्य शास्त्र जाणणारा, अनुभवी, दक्ष आणि शुचिर्भूत असावा. औषध विपुल आणि योग्य असावे. परिचारकाच्या ठायी कौशल्याबरोबर रुग्णाविषयी अनुराग असावा. रुग्णाने वैद्याचे ऐकावे, निर्भय असावे आणि आपली व्यथा न लपवता सांगावी. या चौघांच्या मेळातून आरोग्य लाभते, असा हा विचार आहे.

आधुनिक काळात या चौघांमध्ये एक पाचवा येऊन बसला आहे. तो रुग्णाची नाडी पाहत नाही, औषध देत नाही, उशाशीही बसत नाही. तरीही शस्त्रक्रिया कोणती, कोठे आणि किती दिवसांत, हे पुष्कळदा तोच ठरवतो. हा पाचवा म्हणजे उपचाराचे पैसे देणारा. कधी तो शासनाच्या रूपाने येतो, तर कधी विमा कंपनीच्या. त्याच्या आगमनाने मूळच्या चार घटकांचे काय झाले, हा आजच्या चिंतनाचा विषय आहे.

पाचव्याचे आगमन

हे आगमन अचानक झालेले नाही. जर्मनीत १८८३ मध्ये कामगारांसाठी आजारविम्याचा कायदा झाला. ब्रिटनने ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. भारतातही त्याच वर्षी राज्य कामगार विमा कायदा संमत झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे त्याची अंमलबजावणी सुरू झाली. सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयामुळे नाशिकच्या कामगारवस्तीला ही व्यवस्था चांगलीच परिचित आहे.

परंतु शेतकरी, शेतमजूर, हातगाडीवाला, घरकाम करणारी भगिनी यांच्यासाठी पुढची अनेक दशके असे काहीही नव्हते. महाराष्ट्राने १९९७ मध्ये जीवनदायी योजना आणून गंभीर आजारांपुरता हात पुढे केला. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर पोहोचली. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबास वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत संरक्षण आणि ९७१ उपचार, असे तिचे स्वरूप होते. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव देण्यात आले. २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथे पंतप्रधान जन आरोग्य योजनेचा प्रारंभ झाला. सुमारे १० कोटी ७४ लाख कुटुंबांना प्रत्येकी पाच लाखांचे संरक्षण देणारी ही योजना होती. १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात दोन्ही योजना एकत्र राबवल्या जाऊ लागल्या. १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या शिधापत्रिकेसह राज्यातील सर्व कुटुंबांना पाच लाखांचे संरक्षण मिळाले. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरपासून सत्तर वर्षे व त्यावरील प्रत्येक ज्येष्ठाला, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान योजनेचे दार खुले झाले.

ही वाटचाल लहान नाही. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला, असे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. याचे सारे श्रेय विम्याला देता येणार नाही, पण दिशा आश्वासक आहे. तरीही शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये आजही कुटुंबच मोजते, हे विसरून चालणार नाही.

रुग्ण निर्भय झाला का?

सुरगाणा तालुक्यातील एखाद्या पाड्यावरचा शेतमजूर डोळ्यांसमोर आणावा. त्याच्या छातीत कळ येते. पंधरा वर्षांपूर्वी या माणसासमोर दोनच वाटा होत्या. बैलजोडी आणि जमीन सावकाराच्या पदरात टाकायची किंवा दुखणे अंगावर काढायचे. आज नाशिकच्या अंगीकृत रुग्णालयात त्याची अँजिओप्लास्टी विनामूल्य होऊ शकते. उपचाराबरोबर रुग्णाचे भोजन, घरी परतण्याचे एसटीचे भाडे आणि घरी गेल्यानंतर दहा दिवसांपर्यंतची औषधे यांचाही योजनेत अंतर्भाव आहे. पैशाची भीती गेली, ही योजनेची खरी पुण्याई होय. तिच्याकडे केवळ उपहासाने पाहणारे लोक त्या मजुराच्या उंबऱ्यापर्यंत कधी गेलेले नसतात.

पण अकराव्या दिवसाचे काय? हृदयविकाराची, मधुमेहाची, रक्तदाबाची गोळी जन्मभर घ्यावी लागते. ती बाह्यरुग्ण विभागात लिहून मिळते आणि बाह्यरुग्ण उपचार हे या विम्याच्या कक्षेबाहेर आहेत. सोबत आलेल्या पत्नीची आणि मुलाची बुडालेली मजुरीही कोणी भरून देत नाही. येथे सातपूरच्या कामगाराशी तुलना उद्बोधक ठरते. कामगार विम्यात साध्या तापाचे औषधही मिळते आणि आजारपणाच्या काळात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम हाती येते. १९४८ च्या कायद्याने ओळखलेली ही गोष्ट एकविसाव्या शतकातील योजनेच्या नजरेतून निसटली. आजारपण म्हणजे नुसते रुग्णालयाचे देयक नव्हे. घरातली चूल थंड पडणे हाही आजारपणाचाच भाग आहे.

मध्यमवर्गीय कुटुंबाची व्यथा निराळी आहे. वर्षानुवर्षे हप्ते भरावेत आणि ऐन गरजेच्या वेळी जुन्या आजाराचे कारण पुढे करून दावा नाकारला जावा, हा अनुभव अनेक घरांत आहे. त्यावर विमा नियामकाने काही इलाज केले आहेत. आधीपासून असलेल्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ २०२४ पासून कमाल चार वर्षांवरून तीन वर्षांवर आला. पाच वर्षे सलग हप्ते भरल्यानंतर, सिद्ध झालेल्या फसवणुकीखेरीज, माहिती दडवल्याचे कारण देऊन दावा फेटाळता येत नाही. मे २०२४ च्या परिपत्रकानुसार रोकडविरहित उपचारांची विनंती एका तासात आणि घरी सोडण्याची अंतिम मंजुरी तीन तासांत निकाली काढणे कंपनीला बंधनकारक आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा करही हटला. हे नियम ठाऊक असणे, हीच मध्यमवर्गाची पहिली ढाल आहे.

वैद्याचे मन

आता वैद्याकडे वळू. योजनेने प्रामाणिक शल्यविशारदाचे एक मोठे दुःख दूर केले. रुग्ण गरीब आहे म्हणून शस्त्रक्रियेचा विषयच टाळण्याची वेळ त्याच्यावर येत नाही. मात्र त्याच्या टेबलावर आता स्टेथोस्कोपच्या शेजारी संगणक आला आहे. पूर्वमंजुरी, छायाचित्रे, अहवाल, शंका, शंकांची उत्तरे आणि मग दावा. एका उपचाराला एक ठरलेला दर असतो. रुग्ण तरुण आणि धडधाकट असला तर तो दर पुरतो. तोच रुग्ण वृद्ध, मधुमेही आणि गुंतागुंतीचा असला तर दर अपुरा पडतो. मग अवघड रुग्ण मोठ्या शहराकडे पाठवण्याचा मोह होतो.

त्यातच देयके रखडतात. हरियाणातील खासगी रुग्णालयांनी ऑगस्ट २०२५ मध्ये थकबाकीच्या कारणावरून आयुष्मान योजनेतील उपचार थांबवले होते. मोठ्या भांडवलाचे रुग्णालय सहा महिने वाट पाहू शकते. डॉक्टर दांपत्याने कर्ज काढून उभारलेल्या वीस खाटांच्या रुग्णालयाला ते झेपत नाही. नाशिकसारख्या शहराची वैद्यकीय सेवा ज्यांनी घडवली, ती अशी लहान रुग्णालये आणि गल्लीतले कौटुंबिक डॉक्टर या रचनेत आपोआप कडेला सरकतात. तीन पिढ्यांची प्रकृती तोंडपाठ असणाऱ्या कौटुंबिक डॉक्टरला तर योजनेत स्थानच नाही, कारण तो रुग्णाला दाखल करून घेत नाही. रुग्णाला दाखल होण्यापासून वाचवणे, हेच त्याचे काम असते!

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. शुचिता हा वैद्याचा गुण सर्वांच्या ठायी टिकला नाही. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात एकाच बनावट भ्रमणध्वनी क्रमांकाशी सुमारे साडेसात लाख लाभार्थी जोडलेले आढळले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मेहसाणा जिल्ह्यातील बोरिसणा गावी शिबिर घेऊन काही ग्रामस्थांना अहमदाबादच्या एका खासगी रुग्णालयात नेण्यात आले. तेथे झालेल्या अँजिओप्लास्टीनंतर दोघांचा मृत्यू झाला. योजनेच्या पैशांसाठी अनावश्यक शस्त्रक्रिया केल्याच्या आरोपावरून त्या प्रकरणी गुन्हे दाखल झाले. गावोगावी आरोग्य शिबिरे भरवणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे उदाहरण कायम स्मरणात ठेवावे. शिबिर विनामूल्य आहे एवढे पुरेसे नाही. तेथून रुग्ण कोठे नेला जातो आणि कोणाच्या सल्ल्याने, हे विचारणे हीसुद्धा सेवाच आहे.

औषध विपुल आहे का?

औषधाचा पहिला गुण आचार्यांनी विपुलता हा सांगितला. जे हाताशी नाही, ते कितीही गुणकारी असले तरी व्यर्थ. हीच कसोटी रुग्णालयालाही लावावी. नाशिक जिल्ह्यात सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण असे आदिवासीबहुल तालुके आहेत. जिल्हा रुग्णालय, विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय, आडगावचे वैद्यकीय महाविद्यालय आणि बहुसंख्य मोठी खासगी रुग्णालये मात्र नाशिक शहरात किंवा त्याच्या वेशीवर आहेत. राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठही १९९८ पासून याच शहरात आहे. म्हणजे पाच लाखांचे कार्ड पाड्यावर आणि ते वटणारे रुग्णालय घाट उतरून कित्येक कोसांवर, अशी स्थिती आहे. २०२२ च्या अखेरीस सुरगाण्याच्या सीमावर्ती गावांतील ग्रामस्थांनी गुजरातमध्ये विलीन करण्याची मागणी केली, तेव्हा रस्ते आणि पाण्याबरोबर आरोग्यसेवेचा अभाव हेही त्यांचे गाऱ्हाणे होते. राष्ट्रीय एकात्मतेचा विचार करणाऱ्यांनी या मागणीवर रागावण्यापूर्वी तिच्यामागची वेदना ऐकली पाहिजे.

भोर समितीने १९४६ मध्येच प्राथमिक आरोग्य केंद्रांवर भर दिला होता. शासकीय निकषानुसार आदिवासी व डोंगराळ भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक केंद्र आणि तीन हजारांमागे एक उपकेंद्र अपेक्षित आहे. थायलंडने २००२ मध्ये सर्वांना आरोग्य संरक्षण दिले, तेव्हा त्याआधीची काही दशके तो देश जिल्हा रुग्णालये आणि ग्रामीण केंद्रे उभारण्यात गुंतला होता. तेथे आधी दवाखाना उभा राहिला, कार्ड मागून आले. आयुष्मान भारत योजनेलाही दोन बाहू आहेत. पहिल्या आरोग्य केंद्राचे उद्घाटन १४ एप्रिल २०१८ रोजी छत्तीसगडमधील जांगला येथे झाले, म्हणजे कार्डाच्या पाच महिने आधी. हीच केंद्रे आज आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणून ओळखली जातात. चर्चा मात्र कार्डाचीच होते. मंदिराची इमारत रंगवली, पण गाभाऱ्यात देव नाही, अशी स्थिती होऊ द्यायची नसेल, तर तेथे डॉक्टर, परिचारिका आणि मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्या रोज असल्या पाहिजेत. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यखर्च २०२५ पर्यंत सकल उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. सरकार कोणाचेही असो, ही आठवण करून देणे हे जागृत समाजाचे कर्तव्य आहे.

परिचारक कोण?

आता उरला परिचारक. अनुराग हा गुण आचार्यांनी एकट्या परिचारकाकडून अपेक्षिला, हे अर्थपूर्ण आहे. शासन पैसे देऊ शकते, कंपनी दावा मंजूर करू शकते, आत्मीयता मात्र कोणत्याही पॅकेजमध्ये बसत नाही. पाड्यावरून आलेला माणूस शहरातल्या रुग्णालयाच्या दाराशी उभा राहतो. आरोग्यमित्राची खिडकी कोठे आहे हे त्याला कळत नाही. शिधापत्रिकेवर आणि आधारपत्रावर नावाची अक्षरे जुळत नाहीत. 'उद्या या' हे दोन शब्द ऐकून तो परतीची एसटी पकडतो आणि योजनेचा त्याच्यापुरता तेथेच अंत होतो.

ही पोकळी भरून काढणे समाजाच्या हातात आहे. वस्तीतील प्रत्येक कुटुंबाची कागदपत्रे निरोगी असतानाच तपासून घ्यावीत. राज्याच्या योजनेचा १५५३८८ आणि आयुष्मानचा १४५५५ हे क्रमांक घराघरांत लिहून ठेवावेत. योजनेतील उपचारासाठी कोणी पैसे मागितले तर लेखी तक्रार करावी. सत्तरी ओलांडलेल्या शेजाऱ्याचे कार्ड काढून द्यावे. शहरातील निवृत्तांनी आठवड्यातील एक सकाळ रुग्णालयात, परगावच्या रुग्णाला वाट दाखवण्यासाठी द्यावी. शहरातील डॉक्टरांनी महिन्यातील एक दिवस पेठ-सुरगाण्याच्या आरोग्य केंद्राला द्यावा. आणि प्रत्येक कुटुंबाने आपला कौटुंबिक डॉक्टर सोडू नये, कारण अनावश्यक शस्त्रक्रियेपासून वाचवणारा त्याच्याइतका निःस्पृह सल्लागार दुसरा नाही.

पाचवा आधारस्तंभ आवश्यक होता. त्याला हटवा, असे कोणी सुज्ञ म्हणणार नाही. त्याने इतर चौघांना आधार द्यावा, त्यांची जागा घेऊ नये, एवढेच पाहायचे आहे. ज्या दिवशी सुरगाण्याच्या पाड्यावरील माता तापाने फणफणलेल्या लेकराला घेऊन पायी जाण्याच्या अंतरावरील केंद्रात निःशंकपणे जाईल आणि तेथे तिला डॉक्टर भेटेल, त्या दिवशी तिच्या घरातल्या कार्डाला खरा अर्थ येईल. तोवर तिच्यासोबत चालणारी माणसे हवीत. ती शासन पुरवणार नाही. ती या सभागृहातूनच निघाली पाहिजेत.