पेन्सिली खाणारी मुलगी



आम्ही तीस-पस्तीस वर्षे शाळेत शिकवले. आता निवृत्त झालो. आज तुमच्या वर्गात दोन शब्द बोलायला आलो आहोत. आधी आमच्या हातून घडलेली एक चूक सांगतो.

गोष्ट १९९३ सालची. आमच्या शाळेत चौथीत एक मुलगी होती. तिचे नाव सांगत नाही. मुलगी मोठी गुणी, पण दुपार झाली की डुलक्या घ्यायची. पाढे म्हणताना मध्येच थांबायची. खेळायला चला म्हटले, तर भिंतीला टेकून बसायची. आणि पाटीवरच्या पेन्सिली खायची! घरून नवी पेन्सिल आणावी, अन् दुपारपर्यंत ती संपावी. घरी चुलीची मातीही चाटते, असे मुले सांगत.

आम्ही तिला काय म्हणत होतो? आळशी. झोपाळू. पेन्सिल खाल्ली म्हणून हातावर छडीही मारली. एकदा नाही, अनेकदा मारली.

एके दिवशी सकाळी कवायत चालली होती. मुलगी चक्कर येऊन खाली बसली. ओठ पांढरे पडलेले, छाती धापा टाकत होती. आम्ही तिच्या आईला बोलावून घेतले. मुलीला सायकलवर बसवले आणि दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी मुलीची खालची पापणी ओढून पाहिली. आतली बाजू तांबडी हवी, ती कागदासारखी पांढरी होती. मग त्यांनी बोटातून थेंबभर रक्त घेऊन तपासले. आम्हाला म्हणाल्या, "गुरुजी, ही मुलगी आळशी नाही. हिच्या अंगात जेवढे पाहिजे, त्याच्या निम्मेच रक्त आहे. हिने पळावे तरी कशाच्या जोरावर?"

मंडळी, आमची मान खाली गेली.

रक्त कमी होते म्हणजे काय, ते आता समजून घेऊ. अंगातले रक्त कुठे सांडून गेले, असे नव्हे. रक्त फिके पडते. रक्ताला तांबडा रंग देणारा एक पदार्थ आहे. त्याला हिमोग्लोबिन म्हणतात. आपण श्वास घेतो, ती प्राणवायूची पोती हा पदार्थ बैलगाडीसारखा अंगभर पोहोचवतो. मेंदूला पोहोचवतो, हातापायांना पोहोचवतो. गाड्याच कमी असल्या तर माल पोहोचेल का? मग पोर धापा टाकते, पेंगते, चिडचिडे होते. शिकवलेले त्याच्या ध्यानात राहत नाही. कोणी कोणी माती, खडू, पेन्सिल, कच्चे तांदूळ खाते. दवाखान्यात याला ॲनिमिया म्हणतात. आपल्याकडचा जुना शब्द पंडुरोग.

ही गाडी घडवायला लोखंड लागते. होय, लोखंडच. आपल्या अन्नात ते अगदी थोडे थोडे असते. त्याला लोह म्हणायचे. रक्तातील तांबड्या पेशी सुमारे चार महिने जगतात. मग नव्या तयार व्हाव्या लागतात. म्हणून लोह रोज ताटातून आले पाहिजे.

हे दुखणे एका घरचे नाही. २०१९ ते २०२१ या काळात सरकारने देशभर पाहणी केली. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दर १०० मुलांत ६७ मुलांचे रक्त कमी निघाले. १५ ते १९ वर्षांच्या दर १०० मुलींत ५९ मुलींचे रक्त कमी. त्याच वयाच्या मुलग्यांत ३१. बघा, मुली जवळजवळ दुप्पट!

असे का? मुलगी वयात आली की दर महिन्याला तिच्या अंगातून रक्त जाते. अंगही झपाट्याने वाढत असते. १३ ते १५ वर्षांच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह असलेले अन्न लागते, त्याच वयाच्या मुलाला २२ लागते. म्हणजे मुलीचे ताट जास्त भरलेले हवे. आणि आपल्या घरात काय चालते? आधी बापे जेवतात, मग मुलगे. पातेल्यात तळाला जे उरेल, ते आई आणि लेक वाटून घेतात. भाजी संपली तर चटणी. जिला जास्त पाहिजे, तिलाच कमी मिळते. हा कुठला न्याय?

डॉक्टरीणबाईंनी त्या मुलीच्या आईला विचारले, "पोरीला दिवसभर काय देता?"

आई म्हणाली, "सकाळी च्या अन् चपाती. दुपारी भाकरी-चटणी. रातच्याला भात अन् पातळ आमटी. जेवल्यावर पुन्यांदा घोटभर च्या मागती. च्याशिवाय तिचं भागतच न्हाई बघा."

बाई म्हणाल्या, "पोट भरते, पण रक्त भरत नाही."

तेव्हा आम्हाला एक गोष्ट नवीन कळली. अन्नात लोह असून भागत नाही, ते अंगाला लागले पाहिजे. चहातला तुरट भाग लोहाला पोटातच धरून ठेवतो. मग ते रक्तात न जाता तसेच बाहेर जाते. म्हणून जेवणासोबत चहा नको. जेवणाच्या आधी तासभर नको, नंतरही तासभर नको. लहान पोराला तर चहा मुळीच नको. उलट लिंबू, आवळा, पेरू यांतला गुण लोहाला अंगात शिरायला वाट करून देतो. भाजी-आमटी चुलीवरून उतरवल्यावर लिंबू पिळावे. आधी पिळून उकळले तर तो गुण उडून जातो.

आता कोणी म्हणेल, "गुरुजी, चांगलंचुंगलं खायला पैका कुठनं आणावा?" प्रश्न रास्त आहे. पण पाहा बरे. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६ मिलिग्रॅम लोह असते. तेवढ्याच पांढऱ्या सडीक तांदळात १ मिलिग्रॅमही नसते. बाजरीची भाकरी गरिबाची म्हणून आपण सोडली आणि भात थोरामोठ्यांचा म्हणून धरला. शेवग्याचा पाला परसात आहे. तांदुळजा, राजगिरा बांधावर उगवतो. मटकी, हुलगे घरात आहेत. त्यांना मोड आणले की त्यांतले लोह अंगाला जास्त लागते. तीळ आहेत, अहाळीव आहेत. जे मांसाहार करतात, त्यांच्यासाठी काळीज, मटण, मासे आहेत. त्यांतले लोह सर्वांत लवकर अंगी लागते. भाजी लोखंडी कढईत करा. कढईचे थोडे लोह भाजीत उतरते.

तान्ह्या मुलाची गोष्ट निराळी. सहा महिने आईचे दूध पुरते. पुढे नुसत्या दुधावर ठेवले तर रक्त कमी पडते. सहा महिने पुरे झाले की आईच्या दुधासोबत वरण, मऊ भाकरी, पालेभाजी कुस्करून भरवावी.

आणखी एक चोर आहे. पोटातले जंत. त्यांतला आकडेकृमी आतड्याला चिकटून रक्त पितो. उघड्यावर शौचाला बसलेल्या जागेवरून तो मातीत येतो आणि अनवाणी पायातून अंगात शिरतो. म्हणून संडास वापरा आणि मुलांच्या पायात चप्पल घाला. शाळेत-अंगणवाडीत जंताची गोळी देतात, ती चुकवू नका.

शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची गोळीही मिळते. लहानांना गुलाबी, १० वर्षांपुढच्यांना निळी. कोणी म्हणते, "गोळीने पोरीला मळमळतं, शी काळी होती." शी काळी होते, त्याला भिऊ नये. गोळी जेवण झाल्यावर घ्यावी, म्हणजे मळमळ कमी होते. तीही चहाबरोबर घेऊ नये. मात्र लहान मुलांच्या हाताला गोळ्या लागतील अशा ठेवू नका. एकदम पुष्कळ खाल्ल्या तर जिवावर बेतते.

सगळेच फिकेपण जेवणाने जाते, असेही नाही. गडचिरोली, नंदुरबारसारख्या भागांत सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार आईबापांकडून मुलांना येतो. त्याचे औषधपाणी वेगळे. म्हणून पोर फिके दिसले की आधी रक्त तपासून घ्यावे.

त्या मुलीचे पुढे काय झाले? तिला जंताचे औषध दिले, लोहाच्या गोळ्या दिल्या. आईने सकाळचा चहा बंद केला. पहिले चार दिवस पोर रुसली. मग बाजरीची भाकरी, पालेभाजी, मोडाची मटकी आणि लिंबाची फोड रोज ताटात आली. आईने आणखी एक केले. पोरीला भावाच्या पंक्तीला बसवले. महिना झाला नाही, तोच पेन्सिल खाणे सुटले. तीन-चार महिन्यांत गालावर रंग आला. वार्षिक परीक्षेत ती वर्गात दुसरी आली.

आम्ही मात्र तिची माफी मागितली नाही. गुरुजींनी पोराची माफी मागायची, अशी तेव्हा रीत नव्हती. ती छडी अजून मनात सलते. म्हणून हे तुमच्यापुढे बोलतो.

एवढ्या गोष्टी ध्यानात ठेवा :

जेवणासोबत चहा नको.
ताटात पालेभाजी, कडधान्य आणि लिंबू असू द्या.
लेकीला लेकाच्या पंक्तीला वाढा.
जंताची आणि लोहाची गोळी चुकवू नका.
पोर पेंगत असेल, तर रागावण्याआधी त्याचे रक्त तपासा.

आज घरी गेल्यावर लेकराला उजेडात घ्या. त्याची खालची पापणी हळूच ओढून बघा. फिकी दिसली तर उद्याच दवाखान्यात न्या. आम्हाला उशीर झाला होता, तुम्ही उशीर करू नका.