एमबीबीएसनंतरचं रिकामं वर्ष

(कात्रज इथे तरुण-तरुणींसमोर एका रक्तविकारतज्ज्ञ डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



यायला थोडा उशीर झाला, माफ करा. कात्रज चौक तुम्हाला माहीतच आहे.

माझी ओळख करून देताना आत्ता भाईजान म्हणाले, "कॅन्सरच्या मोठ्या डॉक्टर." दोन दुरुस्त्या करते. मी मोठी वगैरे नाही. आणि माझं काम रक्ताचं आहे. रक्ताचे कर्करोग त्यात येतात, तसेच थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल असे आजारही येतात. या कामासाठी डॉक्टर कसा तयार होतो, तो वाटेत कुठे अडकतो आणि आपण त्याबाबतीत काय करू शकतो, एवढंच आज बोलणार आहे.

सुरुवात एका रात्रीपासून करते. तेव्हा मी शिकत होते. पावसाळ्याचे दिवस होते. एकोणीस वर्षांची एक मुलगी आली. हिरड्यांतून रक्त येत होतं, हातापायांवर काळेनिळे डाग होते. प्लेटलेट कमी होत्या, म्हणून चार दिवस डेंग्यू समजून उपचार चालले होते. यात कुणाला दोष देत नाही. पुण्यात पावसाळ्यात प्लेटलेट कमी दिसल्या की आधी डेंग्यूच आठवतो. रात्री साडेअकरा वाजता आमच्या सीनियरने तिच्या रक्ताचा एक थेंब काचेवर पसरवला, रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मग मला म्हणाले, "ये, बघ." काही पेशींच्या आत बारीक काड्यांच्या जुड्या दिसत होत्या.

त्या आजाराचं नाव ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया. हा रक्ताचा असा कर्करोग आहे की पहिल्या काही दिवसांत मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस जाऊ शकतो. पण वेळेवर ओळखला तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. त्याची दोन मुख्य औषधं आहेत. एक 'अ' जीवनसत्त्वापासून बनवलेली कॅप्सूल आणि दुसरं आर्सेनिकपासून, म्हणजे आपल्या जुन्या सोमलापासून बनवलेलं. पक्का रिपोर्ट येण्याची वाट न पाहता, संशय आला की लगेच कॅप्सूल सुरू करायची असते. त्या रात्री ती सुरू झाली. तिची खाला बाहेर बाकावर बसली होती. तिने एकच विचारलं, "बच्ची बचेगी ना, डॉक्टर?" ती वाचली. आज नोकरी करते.

औषध कपाटात होतं. सूक्ष्मदर्शकही बहुतेक मोठ्या दवाखान्यांत असतो. प्रश्न होता काचेवर काय दिसतंय हे ओळखणाऱ्या माणसाचा. तो माणूस घडायला किती काळ लागतो, तेच आता सांगते.

बारावी, मग नीट. एमबीबीएस साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. मग नीट-पीजी. मग तीन वर्षं एमडी, आमच्या शाखेसाठी बहुतेक जण मेडिसिन किंवा बालरोग घेतात. मग नीट-एसएस. मग तीन वर्षं डीएम, नाहीतर त्याच्या बरोबरीचं डीआरएनबी. रक्ताच्या आजारांसाठी डीएम क्लिनिकल हिमॅटॉलॉजी, कर्करोगासाठी डीएम मेडिकल ऑन्कॉलॉजी. कर्करोगाची शस्त्रक्रिया करायची असेल तर आधी एमएस, मग एमसीएच. रेडिएशनने उपचार करायचे असतील तर एमबीबीएसनंतर थेट तीन वर्षांचं एमडी. म्हणजे आमच्या वाटेची बेरीज बारावीनंतर साडेअकरा वर्षं, तीही कुठे न अडखळता. महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून शिकलात तर वर षभराच्या सेवेचा बाँडही असतो. सगळं धरून माणूस तिशी ओलांडतो.

डीएमच्या तीन वर्षांत काय शिकवतात? कमरेच्या हाडातून मज्जा काढायला शिकवतात. केमोथेरपीचा डोस रुग्णाच्या उंची-वजनावरून कसा काढायचा आणि कधी थांबवायचा, ते शिकवतात. पांढऱ्या पेशी शून्यावर गेलेल्या माणसाला ताप आला तर तासाभराच्या आत काय करायचं, ते शिकवतात. आणि सगळ्यात अवघड म्हणजे घरच्यांना खरं कसं सांगायचं, तेही शिकवतात. हे शेवटचं काम रुग्णाच्या बोलीत करता आलं तर अर्धी भीती कमी होते. आपल्याकडे आजही लोक 'कॅन्सर' हा शब्द उच्चारत नाहीत, 'वो बीमारी' म्हणतात. 'वो बीमारी' आता बरीही होते, हे त्यांच्याच भाषेत सांगणारा डॉक्टर समोर असला तर ते उपचार अर्ध्यात सोडत नाहीत.

हे शिक्षण आपल्या मातीत कसं रुजलं, ते थोडक्यात सांगते. १९५२ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळाच रक्तगट शोधला. आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत तो 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणून शिकवला जातो. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालं. तिथे १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. रुग्ण होती नऊ वर्षांची मुलगी, आणि मज्जा दिली तिच्या भावाने. अडवाणींना लहानपणी पोलिओ झाला होता, ते व्हीलचेअरवर असत. मेडिकलला प्रवेश मिळवण्यासाठीही त्यांना झगडावं लागलं होतं. प्रत्यारोपण शिकायला ते अमेरिकेत सिएटलला डॉ. डॉनल थॉमस यांच्याकडे गेले. त्याच थॉमस यांना पुढे १९९० मध्ये नोबेल मिळालं. अडवाणी शिकले आणि परत आले, म्हणून ती विद्या इथे आली. त्यांच्या हाताखाली पुढची पिढी शिकली.

आणि अगदी अलीकडचं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून कार-टी उपचार तयार केला. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी बाहेर काढायच्या, त्यांना कर्करोगाच्या पेशी ओळखता येतील असा बदल करायचा आणि परत शरीरात सोडायच्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला देशात मंजुरी मिळाली. परदेशात या उपचाराला कोट्यवधी रुपये लागतात. इथे तो त्याच्या लहानशा हिश्श्यात होतो. पण हे द्रव शिरेत सोडल्यावर पुढचे दहा-पंधरा दिवस रुग्णाच्या उशाशी प्रशिक्षित माणूस लागतो. ताप चढला, रक्तदाब पडला, तर काय करायचं हे ठाऊक असलेला. उपचार कितीही स्वस्त झाला तरी हा माणूस कारखान्यात बनत नाही.

आयसीएमआरच्या कर्करोग नोंदणीचा अंदाज आहे की २०२२ मध्ये देशात कर्करोगाचे सुमारे १४ लाख ६१ हजार नवे रुग्ण होते. आणि दुसरीकडे गेल्या काही वर्षांत सुपरस्पेशालिटीच्या शेकडो जागा रिकाम्या राहिल्या. रुग्ण आहेत, जागा आहेत, शिकायला माणसं नाहीत. का नाहीत?

इतरांचं मला ठाऊक नाही. आपल्या मोहल्ल्याचं ठाऊक आहे, कारण त्यातून मी गेले आहे.

माझे अब्बा गॅरेजमध्ये मेकॅनिक होते. मला एमबीबीएसला प्रवेश मिळाला तेव्हा मोहल्ल्यात सत्कार झाला. हार, शाल, फोटो. एका ट्रस्टने पहिल्या वर्षाची फी भरायला मदत केली. त्यांचं ऋण आहेच. साडेपाच वर्षं झाली, इंटर्नशिप संपली आणि त्याबरोबर विद्यावेतनही संपलं. नीट-पीजीची तयारी करायला मला एक वर्ष हवं होतं. मी त्याच ट्रस्टकडे गेले. फॉर्म दिला. फॉर्मवर रकाने होते: कोर्सचं नाव, कॉलेजचं नाव. त्या वर्षी माझ्याकडे दोन्ही नव्हतं. समोरचे बुजुर्ग मायेने म्हणाले, "बेटी, तू तर डॉक्टर झालीस. आता तुला काय कमी?"

तेच रिकामं वर्ष. घरी वाटतं, आता कमवायला लागेल. नातेवाइकांना वाटतं, आता लग्न व्हायला हवं. मित्रमैत्रिणी दवाखाना टाकतात, रात्रपाळीची नोकरी धरतात. त्यात वाईट काही नाही. पण माझ्याबरोबरचे जे हुशार होते, त्यांतले अनेक जण याच वर्षी गळाले. अभ्यास जमत नव्हता म्हणून नाही. बारा महिने घरखर्च कोण चालवणार, या प्रश्नाला उत्तर नव्हतं म्हणून. एमडीला लागलं की पुन्हा विद्यावेतन मिळतं, पोट भरतं. एमडी संपलं की डीएमच्या परीक्षेआधी पुन्हा तसाच खड्डा. सगळ्या वाटेत असे दोन खड्डे आहेत आणि आपली सगळी मदत वाटेच्या सुरुवातीलाच संपून जाते.

मी कशी निभावले? माझ्या मामूंनी त्यांच्या दुकानावरचा पोटमाळा वर्षभर मला अभ्यासाला दिला. अम्मी प्रत्येक स्थळाला एकच उत्तर द्यायची, "अजून दोन वर्षं थांबा." आणि दोन वर्षं पुढे असलेली एक सीनियर ताई दर रविवारी फोनवर माझी चाचणी घ्यायची. एवढंच. कुणी लाखो रुपये दिले नाहीत.

म्हणून आज तीन गोष्टी मागते.

पहिली गोष्ट संस्था चालवणाऱ्यांकडे. सत्कार जरूर करा. पण तुमच्या फॉर्मवर एक रकाना वाढवा: 'नीट-पीजी किंवा नीट-एसएसची तयारी करत आहे.' वर्षाला दोन मुलांना खोली, लायब्ररी आणि जेवणापुरते पैसे द्या. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचं शैक्षणिक कर्ज आहे, त्याची माहिती करून घ्या आणि मुलांना फॉर्म भरून द्या. आणि मोहल्ल्यातल्या प्रत्येक एमडी-डीएम डॉक्टरला एका ज्युनियरची जबाबदारी द्या. मी दोघांची घेते, आत्ताच नावं द्या.

दुसरी गोष्ट मुलींकडे आणि त्यांच्या आईवडिलांकडे. निकाह कधी करायचा हा तुमचा निर्णय. पण पुढचं शिक्षण सुरू राहील, हे आधी स्पष्ट बोलून घ्या. निकाहनाम्यात अटी लिहिता येतात, हे आपण विसरून जातो. ही अट लिहा. लाजू नका. आणि ज्यांना इतकी लांब वाट नको आहे त्यांनाही या कामात जागा आहे. पॅथॉलॉजीचे डॉक्टर, रक्तपेढीचे तज्ज्ञ, कॅन्सरच्या वॉर्डातल्या नर्स, लॅबचे तंत्रज्ञ, रेडिएशनचे तंत्रज्ञ, या सगळ्यांशिवाय माझं काम एक दिवस चालत नाही. इथून जवळच धनकवडीत भारती विद्यापीठाचं मेडिकल कॉलेज आणि हॉस्पिटल आहे, शहरात ससून आणि बी. जे. आहे. एकदा जा आणि तिथे कोण कोण काय काय काम करतं, ते डोळ्यांनी पाहा.

तिसरी गोष्ट सगळ्यांकडे. आमच्याकडे थॅलेसेमिया मेजरची मुलं दर दोन-चार आठवड्यांनी रक्त घ्यायला येतात. आयुष्यभर. थॅलेसेमिया मायनर असलेला माणूस मात्र धडधाकट असतो, त्याला स्वतःला ठाऊकही नसतं. फार तर हिमोग्लोबिन थोडं कमी असतं आणि तो वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खात राहतो. नवरा-बायको दोघंही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर असण्याची शक्यता चारात एक असते. नात्यात लग्नं होतात तिथे दोघंही मायनर असण्याचा संभव वाढतो. मी कुणाच्या रिश्त्याला नाव ठेवत नाही. रक्ताची एक साधी तपासणी आहे, हिमोग्लोबिन एचपीएलसी. पत्रिका छापायच्या आधी ती करून घ्या. आणि अठरा पूर्ण झालेल्यांनी रक्त द्या, स्टेम सेल दात्यांच्या नोंदणीत नाव घाला. सख्ख्या भावाबहिणीची मज्जा जुळण्याची शक्यताही चारात एकच असते. बाकीच्यांना बाहेरचा दाता लागतो, आणि तो बहुधा आपल्याच मुळांच्या लोकांत सापडतो.

शेवटी कात्रजचीच एक गोष्ट. नानासाहेब पेशव्यांच्या काळात इथल्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळाने थेट शनिवारवाड्यापर्यंत आणि शहरातल्या हौदांपर्यंत नेलं होतं. इतक्या लांबच्या वाटेवर मध्येमध्ये उच्छ्वास बांधले होते, हवा खेळती राहावी म्हणून. तलाव कितीही भरलेला असला तरी ते उच्छ्वास नसते तर पाणी अडलं असतं. आपल्या मुलांत हुशारीचा तलाव भरलेला आहे. वाटेवरच्या त्या दोन जागा तेवढ्या बांधायच्या राहिल्या आहेत.

त्या रात्री काच पाहणारे माझे सीनियर त्यांच्या रिकाम्या वर्षात थांबले असते, तर खालाच्या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं असतं, मला सांगता येत नाही.

आता प्रश्न विचारा. आणि ज्युनियर म्हणून कोण येतंय, ते हात वर करा.