कोयत्याची मूठ आपल्या हाताची हवी

(महिला दिनानिमित्त तळेघर येथे झालेल्या मेळाव्यात आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेले भाषण. ज्या भगिनींना येता आले नाही, त्यांच्यासाठी येथे देत आहोत.)



मला आज विषय दिलाय 'महिला आणि आरोग्य'. रक्त वाढवायच्या गोळ्यांवर आशाताई तुमच्याशी नेहमी बोलतात. म्हणून मी आज कोयत्यावर बोलणार आहे. हसू नका, सांगते का ते.

गटाच्या बैठकीत तुम्ही रजिस्टरवर सही करता, तेव्हा माझं लक्ष तुमच्या हातांकडे जातं. एका हाताने सही चालू असते, दुसरा हात पान दाबून धरतो. त्या दुसऱ्या हाताच्या अंगठ्यावर नाहीतर पहिल्या बोटावर कितीतरी जणींना जुनी खूण आहे. विचारलं की उत्तर एकच, "काय नाय गं, कोयता लागला व्हता."

आपल्या एका ताईंनी गटातून कर्ज घेतलं. कर्जाच्या नोंदीत कारण लिहिलंय 'आजारपण'. खरं कारण कोयता. फाटी तोडताना कोयता घसरला आणि बोटाची शीर तुटली. ऐन लावणीत त्यांना घरी बसावं लागलं. ते बोट आजही पुरतं वाकत नाही. हे सांगायची परवानगी त्यांनीच दिली, फक्त नाव घेऊ नको म्हणाल्या.

आपल्याकडे पावसाळा चार महिन्यांचा. घरात गॅस आला तरी अंघोळीचं पाणी आणि भाकरी बहुतेक घरांत चुलीवरच. त्यामुळे फाल्गुनापासून पाऊस लागेपर्यंत फाटी साठवायची, राबासाठी बांधावरच्या झाडांच्या फांद्या उतरवायच्या, कुडाला कारवी आणायची. ही कामं पुढचे तीन महिने चालणार. म्हणून आजच बोलू.

मी समाजकार्य शिकले, पण कोयता धरायला मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. इथे आल्यावर एकदा तुमच्याबरोबर फाटी तोडायला बसले. भीतीने मूठ अशी आवळली की दहा मिनिटांत तळव्याला फोड आला. दुसऱ्या दिवशी पेन धरवेना. शेजारी एक आजी होत्या. त्या म्हणाल्या, "पोरी, तू त्याचा गळा दाबतीस. त्याला झुलू दे." पुढचं सगळं मी त्या आजींकडून आणि तुमच्याकडूनच शिकले.

पहिली गोष्ट, कोयता तीन जागी धरता येतो. बारीक काटक्या साळायच्या असतील तर मूठ पुढे, पात्याजवळच्या शेंबीपाशी धरा. तिथे ताबा जास्त, जोर कमी. रोजच्या तोडीला मध्ये धरा. मनगटाएवढी फांदी असेल तर मागच्या टोकाशी धरा. तिथून कोयत्याला झोका मिळतो, जोर कमी लागतो. पण मागे धरायचं तर मुठीचं टोक फुगीर पाहिजे. ते सरळ असेल तर कोयता हातातून निसटून उडतो. जाड ओंडक्याला कोयता लावूच नका. तिथे कुऱ्हाड नाहीतर करवत.

दुसरी गोष्ट, घाव घालताना हात. अंगठा आणि पहिली दोन बोटं कोयता धरतात. मागची दोन बोटं वर नेताना सैल ठेवा. पातं लाकडाला लागायच्या क्षणी ती मिटा. जोर तेवढ्याच क्षणी, मग परत सैल. सतत आवळून धरलं की हाताच्या शिरा थकतात, बोटांना मुंग्या येतात आणि थकलेल्या हातातूनच कोयता घसरतो. अंगठा पात्याच्या पाठीवर सरळ ठेवू नका. सगळा हादरा अंगठ्याच्या सांध्यात जातो. अंगठा बोटांवर वळवून घ्या. मनगट सरळ ठेवा. मनगट वाकलं की पकड ढिली पडते, हे आत्ता बसल्या बसल्या करून बघा.

तिसरी गोष्ट, दुसरा हात. खुणा तिथेच आहेत ना? फांदी ठोकळ्यावर ठेवा आणि घाव पडतो तिथून हातभर लांब धरा. आखूड तुकडा हातात धरून तोडू नका, ठोकळ्याला टेकवून उभा करा. घाव आडवा नको, तिरका घाला. एक या बाजूने, एक त्या बाजूने, म्हणजे खाच पडते आणि पातं अडकत नाही. हात आणि कोयता मिळून जेवढं अंतर होतं, तेवढ्यात लेकरू, म्हातारं माणूस कुणी नको.

चौथी गोष्ट, धार. बोथट कोयता जास्त कापतो, पण लाकूड नाही, आपल्याला! तो लाकडावरून घसरतो, आपण जोर लावतो आणि मूठ आणखी आवळतो. कामाला बसायच्या आधी दगडावर धार लावा. घामाने मूठ ओली झाली तर हात आणि मूठ दोन्हीला राख चोळा.

आता मुख्य मुद्दा. फाटी कोण तोडतं? बहुतेक बायका. आणि कोयत्याची मूठ कुणाच्या हाताची? घरातल्या पुरुषाच्या. भातकापणीला हलका, दातेरी वैभव विळा आला, कोयत्याकडे मात्र कुणी बघितलं नाही. घरी जाऊन तपासा. मूठ धरल्यावर अंगठ्याचं टोक मधल्या बोटाच्या टोकाला टेकतं का? मध्ये फट राहिली तर मूठ जाड आहे. नखं तळव्यात रुतली तर बारीक आहे. लांबी तुमच्या चार बोटांपेक्षा बोटभर जास्त हवी. मूठ जाड असेल तर तासून घेता येते. हलत असेल तर बदला. धामण किंवा बाभळीचं लाकूड चांगलं.

मूठ बदलणं मोठ्या खर्चाचं काम नाही. एकटीने सांगितलं तर "आत्ता काय नडलंय?" असं ऐकावं लागतं, हे मला माहीत आहे. म्हणून माझी विनंती आहे, की पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. कुणाकुणाची मूठ बदलायची त्याची यादी करा आणि सगळ्या मिळून एकदाच लोहाराकडे किंवा सुताराकडे काम द्या. पैसे अंतर्गत कर्जातून द्यायचे का, ते गटाने ठरवावं.

एवढं करूनही लागलंच, तर जखमेवर हळद, चुना, तंबाखू, चहापावडर काही भरू नका. स्वच्छ फडक्याने दहा मिनिटं घट्ट दाबून धरा, हात वर ठेवा. मध्ये मध्ये उघडून बघू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं का, ते दवाखान्यात विचारा. बोट वाकत नसेल, बधिर वाटत असेल किंवा रक्त थांबत नसेल, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा, १०८ ला फोन करा. त्या ताई चौथ्या दिवशी गेल्या होत्या.

लावणी, कापणी, हिरडा गोळा करणं, भाकरी थापणं, सही करणं, सगळं याच हातांनी होतं. पुढच्या महिन्यात मी प्रत्येक गटात येणार आहे. येताना एकच काम करा, रजिस्टरबरोबर आपापला कोयता घेऊन या. मीही माझा आणते. आजींनी धार बघायचं कबूल केलंय.