खाडीच्या तोंडातली वाळू कुणाची?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बचतीचा आणि कर्जाचा हिशोब झाला. आता दहा मिनिटं मला द्या. विषय वाळूचा आहे. तुम्ही म्हणाल, समुद्राकाठी जन्म गेला आमचा, ही पोरगी आम्हाला वाळूचं काय सांगणार? खरंय. मलाही हे तुमच्यातल्याच एकीने शिकवलं.

गेल्या महिन्यात खाडीकाठच्या एका गटाच्या बैठकीला गेले होते. तिथे खाडीचं तोंड बुजत चाललंय. ओहोटीला होड्या अडकतात, म्हणून उपसा करा अशी गावाची मागणी आहे. मी पटकन बोलून गेले, "बरं होईल, गाळ एकदाचा जाईल." तर सुकी मासळी विकणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "गो बाय, तो गाळ नाय. ती आमच्या पुळणीची वाळू. ती गेली तर मासळी सुकवायची खंय?"

घरी येऊन मी वाचायला बसले. मावशींचं बरोबर होतं.

लाटा किनाऱ्यावर तिरक्या येतात आणि वाळू थोडी थोडी पुढे सरकवत नेतात. वाटेत खाडीचं तोंड लागलं की बरीचशी वाळू तिथे अडकते. आपण म्हणतो, तोंड भरलं. पण पुढच्या किनाऱ्याला मिळायची वाळू तेवढी कमी पडते आणि तिथली पुळण खचायला लागते. म्हणजे एकीकडे जमा, दुसरीकडे नावे. हिशोब एकच.

पुदुच्चेरीचं उदाहरण बघा. तिथे १९८०च्या दशकात बंदरासाठी समुद्रात दगडी बांध घातले. त्या किनाऱ्यावर वाळू वर्षातला बराच काळ दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. ती बांधाला अडली. दक्षिणेला वाळू साठली आणि उत्तरेला शहरासमोरची पुळण नाहीशी झाली. मग दगडांची भिंत घातली, तर धूप आणखी उत्तरेला, कोळ्यांच्या गावांकडे सरकली. पुढे २०१८च्या सुमारास पाण्याखाली अडसर बांधला, बंदराच्या तोंडातून काढलेली वाळू किनाऱ्यावर टाकली, तेव्हा कुठे तिथे पुन्हा पुळण दिसू लागली.

विशाखापट्टणमलाही बंदरातून उपसलेली वाळू वर्षानुवर्षं शहराच्या किनाऱ्यावर टाकतात. ऑस्ट्रेलियात ट्वीड नदीच्या मुखाशी २००१पासून पंप बसवलेत. ते दरवर्षी साधारण ५ लाख घनमीटर वाळू नदीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूच्या किनाऱ्यांवर पोचवतात. आपल्या मापात पावणेदोन लाख ब्रास! आणि हे एकदा करून संपत नाही. समुद्र वाळू नेतच राहतो, म्हणून पुन्हा पुन्हा करावं लागतं.

आता आपलं बघू. पुळण गेली आणि तिथे नुसता दगडी बंधारा आला, तर रापण कुठे ओढणार? होडी कुठे चढवणार? मासळी कुठे वाळत घालणार? मासळी वाळत घालायचं काम तर बहुतेक आपल्याच हातचं. पण उपशाची चर्चा होते तेव्हा आपण चहा करत असतो.

मात्र सगळंच काही किनाऱ्यावर टाकण्यासारखं नसतं. काळा, वासाचा, तेलकट चिखल पुळणीवर नको. बारीक गाळ पसरला तर शिवल्या-मुळे गुदमरतात. एक सोपी परीक्षा सांगते. काचेच्या बाटलीत ओंजळभर माल आणि पाणी घालून हलवा. वाळू लगेच तळाला बसते, चिखल पाणी गढूळच ठेवतो. ही काही प्रयोगशाळेची तपासणी नव्हे, पण प्रश्न विचारायला पुरेशी आहे.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा होते. तुमच्या गावात उपशाचा विषय आला, तर त्या सभेत हे प्रश्न विचारा आणि इतिवृत्तात लिहून घ्या:

१. निघणारी वाळू किती आणि ती जाणार कुठे? आपल्या खचलेल्या पुळणीवर का नाही?
२. मालाची तपासणी झाली का? अहवाल आणि परवानगीचे कागद दाखवा.
३. आम्ही शिवल्या काढतो त्या जागा नकाशात आहेत का?
४. काम कोणत्या महिन्यांत? हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत आपल्या किनाऱ्यांवर कासवांची घरटी असतात.
५. पुढच्या वर्षी तोंड पुन्हा भरलं तर काय?

आणखी एक काम आजपासूनच करा. दर पुनवेला, ओहोटीच्या वेळी, एकाच माडाजवळ उभं राहून पुळणीचा फोटो काढा आणि गटाच्या वहीत तारीख लिहा. पावसाळ्यात वाळू जाते आणि नंतर बरीचशी परत येते, हे तुम्हाला माहीतच आहे. परत न येणारी किती, ते वर्षभराच्या फोटोंवरून दाखवता येईल. "बायका उगाच बोलतात" असं मग कुणी म्हणणार नाही.

त्या मावशींनी माझी चूक एका वाक्यात दुरुस्त केली. पण ते वाक्य बैठकीतच राहिलं, इतिवृत्तात आलं नाही. तेव्हा वही माझ्याच हातात होती. पुढच्या सभेत ते पहिल्या ओळीवर लिहायचं, एवढं मी ठरवलंय. तुम्हीही तुमच्या गावात हात वर करा.