अस्सल आणि नक्कल

जुन्या कागदपत्रांचा अभ्यास करणारे लोक दोन शब्द फार जपून वापरतात. मूळ लेख तो अस्सल आणि त्यावरून उतरवून घेतलेला तो नक्कल. नक्कल कितीही सुवाच्य असली, तरी मुळाशी ताडून पाहिल्यावाचून अभ्यासक तिच्यावर विसंबत नाही. उतरवून घेणाऱ्यांच्या हातून पाठ बिघडत जातात हे जाणूनच एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. संगणकाच्या जुन्या हार्ड डिस्कवरील सारा मजकूर नव्या सॉलिड स्टेट ड्राइव्हवर, म्हणजे एसएसडीवर, जसाच्या तसा उतरवावयाचा असतो, तेव्हाही हाच विवेक हवा.

आपल्या जबलपूरच्या मराठी घरांना हा प्रश्न परका नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होती. त्यामुळे येथील पुष्कळ घरांचे अर्धे गोत नर्मदेकाठी, तर अर्धे विदर्भात. दोन्हीकडची पत्रे, लग्नातील छायाचित्रे, वंशावळी कोणा हौशी माणसाने संगणकात घालून ठेवलेल्या असतात. पुढे कागदांना वाळवी लागते, छायाचित्रे फिकी पडतात आणि उरते ती डिस्क. तीच आता अस्सल झालेली असते. अशा वेळी संगणक मंदावला म्हणून एसएसडी आणली जाते, नक्कल सुरू होते आणि मध्येच अडते.

ती अडते का, हे समजण्यासाठी दोन्ही साधनांची प्रकृती पाहिली पाहिजे. हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेत असतात आणि वाचणारी सुई त्यांच्यापासून केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर तरंगत असते. एसएसडीत हलणारा भाग मुळीच नाही. तेथे मजकूर विद्युत्‌भाराच्या रूपाने राहतो. म्हणून ती वेगवान आहे.

पहिली अडचण जुन्या डिस्कचीच असते. तबकडीचे काही कण निकामी झालेले असतात. नक्कल करणारी आज्ञावली तेथे अडखळते आणि काम सोडून देते. आपण पुन्हा पुन्हा तोच प्रयत्न करतो आणि मरणोन्मुख डिस्कला आणखी दमवतो. डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवते. तिला 'स्मार्ट' म्हणतात. बदलून टाकलेल्या आणि वाचता न येणाऱ्या कणांचे आकडे तीत वाढताना दिसले, तर दुरुस्तीच्या नादी लागू नये. आधी बचाव, मग दुरुस्ती. डीडी-रेस्क्यूसारखी आज्ञावली प्रथम चांगला भाग उचलते, बिघडलेला भाग मागे ठेवते आणि कोठवर पोहोचलो याचा नकाशा लिहिते. वीज गेली तरी पुढे तेथूनच आरंभ करता येतो. दुरुस्तीचे प्रयोग करावयाचे, ते हाती आलेल्या नकलेवर.

दुसरी अडचण मापाची. कारखानदार ५०० जीबी म्हणतो, तेव्हा विंडोज ४६५ च्या आसपास दाखवते. दोघांची मोजण्याची रीत वेगळी आहे, एवढेच. परंतु जुनी डिस्क ५०० ची आणि नवी ४८० ची असेल, तर जसाच्या तसा उतारा मावणार नाही. आधी जुन्या डिस्कवरील विभाग आक्रसून घ्यावा लागतो. आणि ज्या डिस्कची प्रकृती ठीक नाही तिच्यावर हेही करू नये, त्यापेक्षा मोठी एसएसडी आणावी.

तिसरी अडचण सर्वांत बुचकळ्यात टाकणारी. नक्कल पुरी झाल्याचा संदेश येतो, पण संगणक नव्या डिस्कवरून सुरूच होत नाही. मजकूर गेला असे वाटून माणूस हवालदिल होतो. बहुधा मजकूर सुखरूप असतो. चुकलेली असते ती दाराची वाट. संगणक सुरू करणारा छोटा विभाग उतरवावयाचा राहिलेला असतो, किंवा सुरुवातीच्या क्रमात नव्या डिस्कचे नाव पुढे आणलेले नसते. जुन्या एमबीआर पद्धतीची मांडणी नव्या एनव्हीएमई जातीच्या एसएसडीवर नेली, तरी ती सहसा सुरू होत नाही. तेथे जीपीटी मांडणी आणि यूईएफआय लागते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. खऱ्या नकलेची ओळखखूणही मुळासारखीच असते. दोन्ही डिस्का एकदम जोडल्या, तर विंडोज एकीला बाजूला सारते. म्हणून पहिल्या आरंभाच्या वेळी जुनी डिस्क काढून ठेवावी. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर तिची ४८ आकडी किल्ली आधीच कागदावर उतरवून घ्यावी.

काही दोष अगदी क्षुल्लक असतात. यूएसबीची तार सैल असते, किंवा डिस्कला पुरेशी वीज मिळत नाही, आणि दोष मात्र आज्ञावलीच्या माथी येतो. प्रथम तार बदलून पाहणे हे शहाणपणाचे.

आता मुख्य गोष्ट. संगणक सुरू झाला म्हणजे नक्कल खरी ठरली असे नव्हे. दहा-वीस जुनी छायाचित्रे उघडावी, पत्रे वाचावी, चलच्चित्रे अखेरपर्यंत पाहावी. वाचता न आलेला कण नेमका आजोबांच्या चेहऱ्यावर पडला असेल, तर ते आज्ञावली सांगणार नाही. घरच्या माणसालाच दिसेल. तोवर जुनी डिस्क पुसू नये, विकूही नये.

आणि एसएसडी कपाटात ठेवून निश्चिंत होऊ नये. घरगुती एसएसडीच्या मानकाची अपेक्षा अशी आहे, की लिखाणाची मर्यादा संपल्यावर तिने विजेवाचून ३० अंश उष्णतेत एक वर्ष मजकूर सांभाळावा. उष्णता वाढली की ही मुदत घटते. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. म्हणून एक प्रत वापरात, दुसरी वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या गावी, एखाद्या आप्ताकडे असावी. पोथ्या टिकल्या त्या अनेक घरांत उतरवल्या गेल्या म्हणून. साधन बदलले आहे. जपणुकीचा नियम तोच आहे.