पदवी आणि पात्रता
(सुवर्णमहोत्सवी सोहळ्यात केलेले भाषण)



आपला भंडारा जिल्हा एकेकाळी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. त्यांची पदवी ‘सेनासाहेब सुभा’. ती सातारच्या छत्रपतींच्या नावाने मिळत असे. पहिले रघूजीराजे १७५५ साली निवर्तले आणि बंधूंत वारशाचा तंटा उभा राहिला. अखेर जानोजींना ‘सेनासाहेब सुभा’ व मुधोजींना ‘सेनाधुरंधर’ अशी तडजोड झाली. जानोजींच्या पश्चात मुधोजी व साबाजी हे भाऊ त्याच पदासाठी झुंजले आणि १७७५ साली नागपूरजवळ पाचगावच्या रणात साबाजी मारले गेले. पुढे १८५३ साली तिसरे रघूजी निपुत्रिक वारले व इंग्रजांनी राज्यच खालसा केले.

आपल्या समाजातही पदव्या आहेत. त्यांचा उगम मात्र निराळा आहे. स्वखर्चाने संघ तीर्थयात्रेस नेणारा तो संघपती. संघवी, संघई ही आडनावे त्यातूनच आली. परवार समाजात गजरथ चालविणारा सिंघई, पुन्हा चालविणारा सवाई सिंघई आणि तिसऱ्यांदा चालविणारा सेठ, अशी चढती श्रेणी होती. राजाची पदवी घेण्याने वाढे, आपली देण्याने.

परंतु देण्यातही मान-कषाय शिरतो. आदिपुराणात कथा आहे. दिग्विजयी भरत चक्रवर्ती वृषभाचलावर आपले नाव कोरावयास गेले, तो शिळेवर जागाच नव्हती. पूर्वीच्या असंख्य चक्रवर्तींच्या नावांनी ती भरली होती. दुसऱ्याचे नाव पुसून आपले लिहिताना त्यांचा गर्व गळाला.

हे आज सांगण्यास कारण आहे. सुवर्णमहोत्सवी शिलालेखावर कोणाचे नाव वर आणि कोणापुढे ‘शेठ’, यावरून आपल्यात मने दुखावली आहेत. मीही निर्दोष नाही. मसुद्यात माझ्या तीर्थरूपांचे नाव शेवटच्या ओळीत पाहून मीही दोन दिवस अबोला धरला होता.

बंधूंनो, राज्यघटनेच्या अठराव्या कलमाने पदव्या देणे बंद केले; १९७१ साली राजेरजवाड्यांची मान्यता व तनखेही संपले. मग आपणच दगडावर दरबार का भरवावा? माझी नम्र विनंती आहे की, सर्व दात्यांची नावे अकारविल्हे, रकमेविना व पदवीविना कोरावीत. प्रारंभ माझ्या वडिलांच्या नावापुढील ‘शेठ’ खोडून करावा.

माझ्या बोलण्याने कोणाचे मन दुखावले असल्यास क्षमा असावी. जय जिनेंद्र!